मार्कंड्याच्या वाळूवर सुटलेला उपास

लिव्हरचा आजार म्हटला की आपल्याकडे माणसांच्या डोक्यात एकच गोष्ट येते, आणि ती कोणी तोंडावर विचारत नाही. मला सिरॉसिस आहे असं गावात कळलं, तेव्हापासून नळावरच्या बायका मी दिसले की गप्प व्हायच्या. मी दारूबंदीच्या मोर्चात पायी चाललेली बाई. आमच्या गावच्या बायकांनी नाल्याकाठची मोहाच्या दारूची मडकी फोडली, तेव्हा पहिली काठी माझी होती. दारूचा वास मी आयुष्यात घेतला असेल तर तेवढाच. पण कोणाकोणाचं तोंड धरणार? डॉक्टर म्हणाले होते, ही जुनी कावीळ आहे, रक्तात राहून गेलेली. वर्षानुवर्षं ती आतल्या आत लिव्हर खात होती, आणि आता ते टणक होऊन आक्रसलं आहे. हे मी नळावर उभी राहून एकीला समजावून सांगितलं, तर ती घागर उचलता उचलता म्हणाली, "असन बाई." त्या एका शब्दानं माझा जीव जळला. त्यानंतर मी कोणाला काही सांगितलं नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या एका गावात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. स्वभाव तिखट आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना कष्ट नकोत. ताटात अन्न टाकणाऱ्या पोराला मी ताट साफ होईपर्यंत उठू देत नाही. घरी आम्ही दोघंच. आमचे हे जंगल खात्यात वनमजूर होते, आता दोन एकर धान करतात, आणि दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलतात. लेक वडशाला दिली आहे. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आधी माझे पाय सुजले, मग पोट वाढायला लागलं. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात सुई लावून पोटातलं पाणी काढलं. मीठ बंद झालं. एक गोड, चिकट औषध दिलं, त्यानं दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे असा हुकूम. दरवेळी गेलं की तिथले डॉक्टर दोन्ही हात पुढे करायला लावायचे, पंजे वर, बस थांबवल्यासारखे, आणि थोडा वेळ बघत राहायचे. मला वाटायचं काहीतरी व्यायाम असेल. का करता, असं मी कधी विचारलं नाही. आणि दरवेळी एक वाक्य सांगायचे, की बाई, उपाशी राहायचं नाही, झोपताना सुद्धा काहीतरी खाऊन झोपायचं. ते ऐकून मला हसू यायचं. जन्म गेला उपासात, आणि हे मला खायला शिकवत होते.

त्याच तपासणीत सोनोग्राफीत दिसलं की माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. डॉक्टरांनी ते जाता जाता सांगितलं. म्हणाले, या आजारात पुष्कळ जणांना खडे होतात, ते गप्प बसलेत तोवर आपणही त्यांना हात लावायचा नाही. ताप आला, उजव्या बाजूला जोराची कळ आली, डोळे जास्त पिवळे झाले, तर मात्र तडक यायचं. ऑपरेशनचं विचारलं तर सरळ नाही म्हणाले. तुमचं लिव्हर भूल आणि चिरफाड सोसणार नाही, रक्त लवकर थांबणार नाही, पोटात पुन्हा पाणी भरेल, खड्यांपायी जीव घालवू नका. इतकं स्पष्ट कोणी सांगत नाही. पण माझ्या कानात शिरलं ते एवढंच, की खडे आहेत आणि हे लोक काढत नाहीत.

आता मागे वळून पाहिलं की कळतं, असं का झालं. लिव्हर आक्रसलं म्हणजे काय, हे मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. खडे मात्र आणता येत होते. माझ्या नणंदेचे खडे ती वरोऱ्यात राहत असताना काढले होते, आणि घरी आल्यावर आठवडाभरात ती पापड तळत होती. आमच्या गावात असे चार जण आहेत, सगळे धडधाकट. त्यामुळे माझी समजूत पक्की झाली, की जे काही आहे ते खड्यांमुळेच आहे. पोट फुगतं ते खड्यांमुळे, डोळे पिवळे ते खड्यांमुळे, जेवण जात नाही ते खड्यांमुळे. एकदा खडे निघाले की मी पूर्वीसारखी होणार, आणि नळावरच्या बायकांनाही सांगता येणार की बघा, खडे होते, दुसरं काही नव्हतं. हे शेवटचं कारण मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं, पण ते होतं.

नणंदेनं एका खाजगी सर्जनचं नाव सुचवलं. ती म्हणाली, "ते जाड फाईल नको नेऊ वहिनी, डॉक्टर उगाच भेतात." मग मी काय केलं? दोन वर्षांपूर्वी तालुक्याला तपासणीचं शिबिर भरलं होतं, त्यातला एक कागद घरी होता. त्याच्यावर फक्त खड्यांचं लिहिलेलं होतं, आणि तेव्हा मी तो न वाचताच ठेवून दिला होता. तोच नेला. सरकारी दवाखान्याची फाईल धानाच्या कोठीवर ठेवून गेले. त्या सर्जननं माझे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, आधी रक्त तपासू, नवीन सोनोग्राफी करू, त्यात काय निघतं त्यावर ठरवू, शनिवारी भरती व्हा. माणूस शहाण्यासारखंच बोलला होता. मी त्यातला शनिवार तेवढा ऐकला. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "फाईल दाखोली का?" मी म्हटलं, दाखोली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एवढं तोंडभरून खोटं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

त्या शनिवारच्या तीन दिवस आधी महाशिवरात्र होती. आमच्याकडे महाशिवरात्र म्हणजे मार्कंडा. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे, आणि तिथे मोठी यात्रा भरते. लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत मी तिथेच ह्यांचं नाव हातावर गोंदवून घेतलं होतं. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. सर्जनकडे जायच्या कितीतरी आधी मी देवाला सांगितलं होतं, पाच सोमवार निर्जळी करते, शिवरात्रीला निर्जळीच तुझ्या दारात येते, तू माझे खडे सुखरूप निघू दे. उपासाचं मला कधी ओझं वाटलं नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, असे सगळे धरत आले. देवाकडे मागायचं तर आपलं काहीतरी त्याच्यापुढे ठेवावं लागतं, आणि माझ्याकडे ठेवण्यासारखी भूकच होती. डॉक्टर खा म्हणत होते, पण डॉक्टरांना देवाचं काय ठाऊक, असं माझं म्हणणं. निर्जळी म्हणजे पाण्याचा थेंब नाही, तर औषध कुठून चालणार? सोमवारी ते गोड औषध बंद असायचं. शिवरात्रीच्या आधी तर मी दोन दिवस पुरतंच बंद केलं, कारण यात्रेच्या रांगेत दर तासाला आडोसा शोधत कोण पळणार? ही चूक आमच्यासारख्याच बायका करतात. देवासमोर जाताना अंगावर नवीन लुगडं आणि पोटात काही नाही, हेच आम्हाला शुद्ध वाटतं.

खुणा आधीच दिसत होत्या, पण त्या खुणा आहेत हे मला कळलं नाही. रात्रभर डोळा लागायचा नाही आणि दिवसा चुलीपुढे बसल्या बसल्या झोप यायची. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी शाळेतली पोरं म्हणाली, खिचडी खारट आहे. मी त्यांना झापलं, नखरे करता का म्हणून. मग मुख्याध्यापकांनी चव घेतली आणि ताट बाजूला ठेवलं. मी मीठ तीनदा टाकलं होतं. मी स्वतः मीठ खात नाही म्हणून अंदाज चुकला असेल, असं सरांनीच समजून घेतलं. त्या दिवशी पोरं मुरमुरे खाऊन घरी गेली. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत पोरं उपाशी गेली असं झालं नव्हतं.

यात्रेच्या जादा गाडीनं आम्ही सकाळी निघालो. पुढचं मी सांगते आहे ते थोडं माझं आहे आणि थोडं ह्यांनी मागाहून सांगितलेलं. देवळाजवळ बायकांची रांग वेगळी, माणसांची वेगळी. हे म्हणाले, दर्शन झालं की नंदीपाशी भेट. ऊन चढत होतं. माझ्या पुढे एक बाई होती, तिच्या लुगड्याची किनार हिरवी होती, हे मला पक्कं आठवतं. ती किनार बघता बघता मला वाटायला लागलं की मी आमच्या धानाच्या बांधीत उभी आहे आणि घरी जायला उशीर होतो आहे. मी रांगेतून निघाले. कोणी विचारलं असेल, कुठे चालल्या, तर मी काय बोलले माहीत नाही. देऊळ मागे राहिलं, दुकानांची ओळ संपली, आणि मी वाळूतून नदीकडे चालत होते. घाबरले नव्हते. एकदम शांत वाटत होतं, आणि आता त्याच शांततेची मला जास्त भीती वाटते.

दुकानांच्या शेवटी एक बाई मुरमुरे आणि गुळाचे लाडू घेऊन बसली होती. साठीच्या आसपासची, पांढरं लुगडं, हातात बांगडी नाही. मुलचेऱ्याकडे बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, त्यातली. त्यांच्याकडच्या बायका यात्रेत दुकानं लावतात. ती दुकान सोडून वाळूत माझ्या मागे आली आणि माझं मनगट धरलं. मी हात झटकला असेन, कारण माझा स्वभाव तसा आहे, पण तिनं सोडलं नाही. तिनं मला दुकानावर बांधलेल्या पोत्याच्या सावलीत आणून बसवलं. माझ्या डोळ्यांत पाहिलं, पोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोनी हात समोर कर दीदी. पंजा वर. जैसा बस थांबवते."

मी केले. माझे पंजे थांबेनात. वाऱ्यावर पान हलावं तसे खाली पडायचे, पुन्हा वर यायचे. ते हात माझे आहेत असंच मला वाटत नव्हतं. तिनं मला विचारलं, उपास आहे का. मी म्हणाले असेन की आहे, निर्जळी आहे, आणि शनिवारी खडे काढायचे आहेत. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते आले तेव्हाही मी तेवढं एकच पुन्हा पुन्हा बोलत होते, खडे काढाचे हायेत, शनवारी खडे काढाचे हायेत. मग तिनं जे सांगितलं ते मात्र मला लख्ख आठवतं. त्या सगळ्या धुक्यात तेवढं एक कसं स्वच्छ राहिलं, ते मला सांगता येणार नाही.

"माझ्या आदमीला बी हेच होतं," ती म्हणाली. "पोटात पानी, डोळे पिवळे, खडे. आमी बी खड्याच्याच मागे लागलो. डब्बीत भरून दिले खडे, अजून घरी हायेत. खडे बाहेर आले दीदी, आदमी नाई आला."

तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. रोज दहा जणांना मुरमुऱ्यांचा भाव सांगावा तशा सरळ आवाजात सांगितलं. मग तिनं मूठभर मुरमुरे घेतले, त्यावर गूळ कुस्करला आणि घास माझ्या तोंडापुढे धरला. मी मान फिरवली. म्हटलं, नाई, उपास हाये, देवाचं हाये. तिचाही त्या दिवशी शिवरात्रीचा उपास होता, हे ह्यांना तिनं नंतर सांगितलं. ती मला म्हणाली, "मी तुझ्या देवाच्या दारात बसून देऊन राह्यली. त्याले चालत नसतं तर त्यानं मले इथी बसू देलं असतं का?" शाळेत मी पोरांना घास भरवते तसा तिनं मला भरवला. घास संपेपर्यंत हनुवटीखाली हात धरून बसली, आणि पाणी पाजलं. पाचव्या सोमवारनंतरचा, निर्जळी शिवरात्रीचा माझा उपास असा दुपारी बाराच्या सुमाराला, देवळापासून दीडशे पावलांवर, एका परक्या बाईच्या हातून सुटला.

तिनं माझं नाव विचारलं. मला ते आठवेना. नवऱ्याचं नाव विचारलं, तर मी तोंडावर पदर धरला. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नाहीत. स्वतःचं नाव गेलं तरी हे वळण काही गेलं नव्हतं, यावरून हे अजून मला चिडवतात. मग त्या बाईला माझ्या हातावरचं गोंदण दिसलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं बंदोबस्ताच्या शिपायाला बोलावून ते वाचायला लावलं, आणि भोंग्यावरून ह्यांच्या नावाचा पुकारा झाला. हे रांगेत देवळाच्या पायरीपर्यंत पोचले होते. दर्शन चार माणसांवर राहिलं होतं. तिथूनच उलटे पळाले. म्हणजे त्या वर्षी आमच्या दोघांपैकी कोणालाच पिंडीचं दर्शन झालं नाही.

तिथून चामोर्शीचा दवाखाना, तिथून गाडीनं चंद्रपूर. पुढचे दोन दिवस माझ्या हिशेबात नाहीतच. तेच गोड औषध नाकातल्या नळीतून दिलं. तिसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं, तेव्हा हे खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते आणि मांडीवर ती जाड फाईल होती. घरी जाऊन कोठीवरून शोधून आणली होती. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "मले खोटं सांगतलं तू." एवढंच. आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जंगलात वाघाच्या वाटेवर काम केलेला माणूस, त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं, नणंद, शिबिराचा कागद, औषध बंद केलेलं, सगळं. नणंदेवर काही टाकलं नाही. तिनं वाट दाखवली, चालले मीच होते. तो दिवस शनिवार होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं समजावून सांगितलं, की लिव्हर काम करत नसलं की अन्नातलं विष रक्तात साठतं आणि डोक्यावर जातं. ते विष बाहेर पडावं म्हणूनच ते औषध. उपाशी राहिलं, पाणी तोडलं, की शरीर स्वतःचं मांस खायला लागतं आणि विष आणखी वाढतं. खड्यांचं विचारलं तर म्हणाली, "ते आतच राहू द्या मावशी. ते तुमचे दुश्मन नाहीत. त्यांनी कधी वाट अडवलीच, तर तोंडातून नळी घालून वाट मोकळी करायचा उपाय आहे, तेव्हा बघू." मग तिनं मला हात पुढे करायला सांगितले, पंजे वर, बस थांबवल्यासारखे; म्हणाली, विष डोक्यावर चढलं की पंजे स्थिर राहत नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या बंगाली बाईनं ते कुठे पाहिलं होतं. कितीतरी वेळा तिच्या नवऱ्याच्या खाटेशी उभी राहून पाहिलं असेल. मी हात पुढे धरले आणि मला रडू आवरेना. डॉक्टरीणबाईला वाटलं मी घाबरले.

खाजगी सर्जनला ह्यांनी फोन करून खरं ते सांगितलं. तो म्हणाला, आधीच सांगायला हवं होतं, रक्त तपासल्यावर मीच नाही म्हटलं असतं. म्हणाला असता, यावर माझा विश्वास आहे. त्यामुळे त्या बाईनं मला चाकूखालून ओढून काढलं, असं मी म्हणत नाही. पण शनिवारपर्यंत मी पोचले असते का? वाळूत मी ज्या दिशेनं चालले होते, तिकडे पाणी होतं. एवढीच गोष्ट मला ठाऊक आहे. बाकी यात देव कुठे होता, हे मी कोणाशी वाद घालून सांगणार नाही. त्या यात्रेत शेकडो दुकानं होती. शेवटचं दुकान तिचंच होतं, आणि माझा आजार ओळखणारी तीच होती. मी हे एवढं मनाशी ठेवते आणि हात जोडते.

अंथरुणावर पडल्या पडल्या मला मार्कंडेयाची गोष्ट आठवायची. आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांना ती पाठ असते. ज्याला सोळाव्या वर्षी मरण लिहिलेलं होतं, त्या पोरानं यम आला तेव्हा महादेवाच्या पिंडीला मिठी मारली आणि सोडली नाही. मला वाटायचं, मीही तशीच मिठी मारून बसले आहे. पण नीट पाहिलं तर मी मिठी मारली होती माझ्या पोटातल्या खड्यांना. देवालाही मी तेच सांगत होते, की हे काढ, असं काढ, या वारी काढ. काय करायचं ते त्याच्यावर सोडलंच नव्हतं. उपास धरला तोही त्याचा हात पिरगाळायला. शरण जाणं म्हणजे पोट रिकामं ठेवणं असं मी समजत होते. पुढ्यात आलेला घास निमूट खाणं हे त्याहून कितीतरी अवघड असतं, हे मला त्या वाळूवर कळलं. घरी आल्यावर सोमवार सोडले. पहिल्या सोमवारी भाताचं ताट पुढ्यात घेतलं तेव्हा हात पुढे जाईना. हे समोर बसले होते. म्हणाले, "पोरायले उठू देत नाई ना ताटावरून? मंग तू बी उठू नको." ते त्यांचं त्या दिवसाचं अकरावं वाक्य असेल.

यंदा पुन्हा शिवरात्र आली. तब्येत आहे तशी आहे. लिव्हर परत नवं होत नाही, हे मला आता माहीत आहे. पोटातलं पाणी औषधावर ताब्यात आहे, खडे जिथल्या तिथे आहेत, आणि शाळेची चूल अजून माझ्याकडे आहे. मीठ मात्र दुसऱ्या बाईच्या हातून टाकून घेते. नळावर कोणी गप्प झालं तर होऊ देते. सकाळी वरण-भात खाल्ला, ते गोड औषध घेतलं, आणि पिशवीत चार फुटाणे आणि एक केळं टाकून गाडीत बसले. यात्रेत पोचल्यावर मी आधी देवळाकडे गेले नाही. ह्यांना म्हटलं, तुम्ही रांगेत लागा, मी आलेच. दुकानांच्या ओळीनं शेवटपर्यंत चालत गेले. मनात धाकधूक होती. अशा गोष्टींत तो माणूस पुन्हा दिसत नाही, असंच आजवर ऐकलं होतं.

ती होती. त्याच जागी, तेच पोतं, तेच लाडू. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती देऊ दीदी?" तिला मी आठवत नव्हते. दिवसातून किती माणसं तिच्यापुढून जातात, आणि तिनं तर मूठभर मुरमुरेच दिले होते. मला वर्षभर पुरलेली गोष्ट तिच्या लेखी काहीच नव्हती. मी म्हटलं, तुम्ही मले मागच्या साली जेवू घातलं होतं. ती हसली, पण ओळख पटली नाही हे दिसत होतं. आणखी कसं सांगावं ते मला सुचेना. मग मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले, पंजे वर, बस थांबवल्यासारखे.

ती उठून उभी राहिली. माझ्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही, हातांकडे पाहत राहिली. बराच वेळ पाहिलं. पंजे हलले नाहीत. मग तिनं माझे हात उलटे केले, ओंजळ केली, आणि पोत्यातले मुरमुरे त्यात टाकले.

"खाऊन आली ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "खाऊन आली."

"मंग जा आता दर्शनाले," ती म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.